जानवशाचा साबण

सेलूच्या बाजारपेठेत ईश्वरअप्पांचं किराण्याचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. घरात राज्य भागम्माचं. निजामाच्या फौजदारापुढं हात जोडून एक वेळ सुटता येईल, पण भागम्माच्या स्वयंपाकघरात चप्पल घालून पाऊल टाकलेला माणूस आजवर सुटला नाही, असं ईश्वरअप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे. सांगायचे मात्र हळूच, कारण मधल्या दाराला फट होती.

तर अशा या भागम्माला एका वर्षी साबणानं रडवलं. चोरानं नाही, सावकारानं नाही, साबणानं! आता हसू नका, आधी ऐकून घ्या.

दिवस लढाईचे होते. वासाचा साबण बाजारात दिसेनासा झाला होता, आणि दिसला तरी त्यात जनावराची चरबी असते अशी बोलवा उठली होती. भागम्माचं घर लिंगायताचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून गळ्यातल्या लिंगाची पूजा होईपर्यंत त्या घरात कुणी पाण्याचा घोट घेत नसे. मग चरबी अंगाला लावायची गोष्टच कशाला? डाळीच्या पिठानं आणि शिकेकाईनं त्यांचं छान चाललं होतं. चाललंही असतं, पण त्यात लेकीचं लग्न ठरलं.

लेक महादेवी. स्थळ जिंतूरचं, घर चांगलं, पोरगा शांत. कुंकू लावायला आलेली विहीण मल्लम्मा जाता जाता उंबऱ्यात थांबली.

"ईनबाई, बाकी तुमी काय बी करा, आमी तोंडातून शब्द काढायचो न्हाई. पर जानवशात आंगोळीला साबण पायजे. वऱ्हाडात चार लोक शहाणे ऱ्हातेत. अन् बाजारचा नगं बरं का. आमच्या मामंजींना तुमी वळखत न्हाई."

मामंजी म्हणजे नवऱ्या मुलाचे आजोबा, मन्मथअप्पा. त्यांना ओळखत नव्हतं कोण? थोरल्या नातवाच्या लग्नात मुलीकडच्यांनी जानवशात मोठ्या हौसेनं बाजारचा वासाचा साबण ठेवला होता. कुणीतरी म्हातारबांच्या कानात चरबी हा शब्द सोडला आणि ते उठून बैलगाडीत जाऊन बसले. तोंडातून अवाक्षर नाही, घोटभर पाणी नाही. जेवणाच्या पंगती गार झाल्या, सूर्य कलला, तेव्हा कुठं समजूत पटली. लग्न लागलं, पण त्या घरात आलेल्या थोरल्या सुनेचं नाव पडलं ते पडलंच. अख्खं जिंतूर तिला साबणवाली म्हणायचं. पाण्याला गेली तरी साबणवाली, देवळात गेली तरी साबणवाली.

भागम्माच्या काळजात तेच रुतून बसलं. आपली महादेवी मुळात मुखदुर्बळ. तिला कुणी असं नाव ठेवलं तर ती उलटून बोलायची नाही, आतल्या आत झुरत राहील. आपल्या पायी लेकीला जन्मभराचं टोचणं नको.

"मी करते साबण," तिनं जाहीर केलं.

ईश्वरअप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू? अगं, साबण म्हंजी काय धपाटं हाय का?"

"तुमी दुकान बघा."

तिला अगदीच काही येत नव्हतं असं नाही. स्टेशनावरच्या तारमास्तराची बायको सुमनबाई घरी साबण करायची, आणि भागम्मानं तिच्याकडं बसून थोडं बघितलं होतं. थोडं, कारण पुढचं बघायच्या आत तारमास्तराची बदली झाली. कास्टिक पाण्यात हळूहळू सोडायचं, पाणी कास्टिकावर ओतायचं नाही, मग तेलात मिसळून घोटत राहायचं, दाट झालं की साच्यात ओतायचं, एवढं तिच्या ध्यानात होतं. रंगाऱ्यानं मागवलेला आणि मग न नेलेला कास्टिकचा डबा दुकानात पडून होता. करडीचं तेल तर घरच्या घाण्याचं. अजून काय पाहिजे?

पहिला साबण तिनं पितळेच्या पातेल्यात केला. पातेल्याची कल्हई गेली आणि साबण हिरवा झाला. थोडाथोडका नाही, शेवाळासारखा हिरवा.

शेजारची केशरबाई धावत आली. केशरबाईचं शेत पोखर्णीच्या वाटेला होतं आणि जीव मात्र सगळा या गल्लीत होता. "अगं बाई बाई! ह्यो आंगोळीला हाय का म्हशीला घालायला?"

"पातेलं नडलं," भागम्मा दात ओठ खात म्हणाली. तिनं लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी रिकामी केली. लोणचं गेलं गल्लीत वाटून. ईश्वरअप्पांना कळलं तेव्हा ते मिठाशी भाकरी खाऊन उठले.

दुसरा साबण झाला छान, पिवळसर, गुळगुळीत. भागम्मा दोन-तीन आठवडे हवेत होती. मग एके सकाळी वडीवर तांबूस ठिपके दिसले, दुसऱ्या दिवशी वाढले, आणि वास असा सुटला की मांजर फळीवरून उतरलं. डब्याच्या तळचं जुनं, खवट झालेलं तेल तिनं काटकसरीनं वापरलं होतं, ते असं अंगलट आलं. साबणाला जणू गोवर निघाला होता.

तिसऱ्या वेळी ताजं तेल. पण करडीचा साबण मऊ राहतो म्हणून कडक व्हायला तिनं त्यात मीठ टाकलं, तेही हात सैल सोडून. माघात आभाळ भरून आलं आणि साबणाला घाम फुटला. पुसावा तो पुन्हा थेंब.

"लग्न आपल्या घरचं," ईश्वरअप्पा म्हणाले, "अन् घाम त्याला फुटायलाय. लय जीव लावला बघ तुज्या साबणानं."

भागम्मानं हातातला फडका त्यांच्याकडं भिरकावला. पण आत गेल्यावर तिला खरोखर रडू आलं. लग्न तोंडावर आलं होतं, कास्टिकचा डबा तळाला गेला होता, आणि जिंतूरची ती बैलगाडी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"रडायलीस कामून?" केशरबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा साबण मी लावून बघितला की. त्यो ठिपक्याचा सुदिक. फेस लय भारी येतो. गुणाला काय कमी न्हाई, तोंडच तेवढं वाईट हाय बिचाऱ्याचं."

"वऱ्हाड तोंडच बघतंय केशरबाई."

शेवटचा साबण भागम्मानं असा केला की पूजेलाही कुणी इतकं जपत नसेल. बरणी उन्हात वाळवली. ताजी करडी घेतली, कडकपणासाठी त्यात मीठ न घालता खोबरेल घातलं, अत्तरवाल्या मियांकडून केवड्याचं अत्तर आणलं. हाताला रग लागेपर्यंत घोटलं. आणि साच्याला चौकोनी खोकं न घेता घरातल्या सगळ्या वाट्या मांडल्या, म्हणजे वड्या गोल, देखण्या निघतील. माडीवर वारा खेळता होता, तिथं उघड्यावर नेऊन ठेवल्या. चांगलं वारं लागू दे म्हणाली.

वड्या निघाल्या कडक. वास असा की दुकानातली गिऱ्हाइकं नाक वर करून आत बघायची. फक्त एक झालं. वड्यांच्या वरच्या अंगावर पांढरी भुकटी धरली. आज दिसतेय न दिसतेय अशी, मग जाड, मग अगदी राख फासल्यासारखी.

"बुरशी!" केशरबाई म्हणाली.

"बुरशी न्हाई. बुरशीला केस ऱ्हातेत." भागम्मानं ओल्या फडक्यानं पुसलं. गेलं. वाळलं आणि पुन्हा पांढरं. मग तिनं विळी घेतली आणि खरवडायला बसली. दोन-चार वड्या खरवडल्या, तर त्या उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसायला लागल्या. नवा साबण करायला ना कास्टिक होतं ना दिवस. उद्या लग्न, आणि आज दुपारीच वऱ्हाड येणार होतं.

ती वड्या घेऊन पुन्हा हळूहळू खरवडायला बसली तोच गल्लीत आरडाओरडा झाला. "आले! जिंतूरकर आले!" दुपारचं वऱ्हाड उन्हाआधीच दारात. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुण्यांच्या बायका डबे उघडून बघत होत्या, पोरं फळीवर चढत होती. वड्या लपवायच्या कुठं? भागम्मा देवघरात शिरली. ईश्वरअप्पांची पूजा पहाटेच झाली होती, म्हणजे आता उद्यापर्यंत इकडं कुणी फिरकणार नाही. तिनं कोनाड्यातला विभूतीचा डबा मागं सारला आणि साबणाच्या वड्यांचं ताट पुढं ठेवलं. पाहुणे जेवायला बसले की येऊन खरवडू, असा तिचा बेत. पदर सावरून ती विहिणीच्या पाया पडायला धावली.

मन्मथअप्पा गाडीतून उतरले ते काठी आपटतच. उंच, वाळके, पांढऱ्या मिशा, डोळ्यांत जरब. ईश्वरअप्पा वाकले. "शरणार्थ अप्पा! या, आधी पन्हं घ्या."

"पूजा झाल्याबिगर न्हाई. माझी पिशवी मागच्या गाडीत ऱ्हायली, ती कवा येती कुणास ठावं."

"पिशवी कशाला पायजे? आमच्या देवघरात सगळं हाय की अप्पा. चला." ईश्वरअप्पांना आतिथ्याचा उमाळा आला म्हणजे बायकोला विचारायचं भान राहत नसे. त्यांनी म्हातारबांना हातपाय धुवायला पाणी दिलं, देवघरात नेलं, चौरंग मांडला आणि दार लोटून घेतलं.

आता विभूती असते कशी? मठातून येते तिच्या पांढऱ्या गोल वड्या असतात. बोटं ओली करायची, वडीवर घासायची आणि कपाळावर आडवे पट्टे ओढायचे. मन्मथअप्पांचा हात अंधारातही चुकला नसता, इतकी वर्षं त्याला ती सवय. कोनाड्यात ताट, ताटात पांढऱ्या गोल वड्या. त्यांनी बोटं भिजवली, वडीवर घासली आणि कपाळ, दंड, छाती, सगळीकडं ठसठशीत पट्टे ओढले.

पूजा आटोपून ते मांडवात येऊन बसले ते प्रसन्न चेहऱ्यानं. असे प्रसन्न की मल्लम्मा दचकलीच.

"ईश्वरअप्पा," ते म्हणाले, "तुमच्याकडची विभूती लय नामी हाय बरं. मऊसूत! अन् वास तर काय, केवड्याचा! आमच्या तिकडं आशी मिळत न्हाई. कुठनं आणलीव?"

ईश्वरअप्पांची छाती फुगली. "घरचीच हाय की अप्पा," ते ठासून म्हणाले. त्यांना कशाचा पत्ता होता?

पन्ह्याचं तबक घेऊन आलेली भागम्मा जागच्या जागी उभी राहिली. केवडा? तिनं म्हातारबांच्या कपाळाकडं पाहिलं. तबक केशरबाईच्या हातात कोंबून ती देवघराकडं पळाली. ताटातल्या एका वडीवर बोटांच्या खुणा होत्या, तीन पन्हळी पडल्या होत्या, आणि विभूतीचा डबा मागं तसाच झाकलेला.

"मेले!" ती भिंतीला टेकली. ज्या माणसानं साबणापायी मांडव सोडला, त्याच्या कपाळाला आपण साबण फासला! गप्प बसावं का? संध्याकाळपर्यंत पट्टे पुसून जातील, कुणाला कळणार? पण उद्या पहाटे म्हातारबा पुन्हा पूजेला बसतील, पुन्हा त्याच वडीवर बोटं घासतील. देवाच्या जागी खोटं? ते तिच्यानं होणार नव्हतं. सांगायला तर हवंच. कसं, ते तिला सुचेना.

सांगायची वेळ उन्हानंच आणली. चैत्राचं ऊन, वर कोंदट मांडव, त्यात माणसांची दाटी. मन्मथअप्पांना घाम आला. त्यांनी उपरण्यानं कपाळ टिपलं, आणि टिपलं त्या ठिकाणी फेस आला. पुन्हा पुसलं, फेस वाढला. भुवईवरून एक बुडबुडा घरंगळत मिशीवर येऊन बसला. केशरबाईनं तोंडात पदर कोंबला. मल्लम्मा सासऱ्याकडं बघत होती आणि मधूनच दाराबाहेरच्या बैलगाडीकडं.

"डोळे कामून झोंबायलेत?" मन्मथअप्पा डोळे चोळत म्हणाले.

भागम्मा पुढं झाली. आवाज तिचाच होता, खणखणीत. "अप्पा, ती विभूती न्हाई. साबण हाय. मी केलेला. माझी चुकी झाली, लेकीला बोल लावू नका."

ईश्वरअप्पांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. आत दाराआड हळदीच्या अंगानं उभ्या असलेल्या महादेवीनं डोळे मिटले.

म्हातारबांनी तळवा डोळ्यांपुढं धरला. "साबण?"

"व्हय अप्पा."

"चरबी?"

"केसाएवढी न्हाई. घरच्या घाण्याची करडी अन् खोबरेल. लिंगाची आण घेऊन सांगते."

"मग पांढरा कामून हाय?"

"ते मला बी कळंना अप्पा! हिरवा झाला, ठिपक्याचा झाला, घामाचा झाला, अन् शेवटी ह्यो पांढरा. उद्याच्या लग्नाला कुठनं आणू नवा? दिसायला वाईट हाय म्हून लाजंनं देवघरात लपवला. लाज झाकायला गेले अन् तुमच्या कपाळी आणली." एवढं बोलून भागम्माला रडू फुटलं. इतक्या महिन्यांचं साचलेलं, भर मांडवात.

मन्मथअप्पांनी तळवा नाकाशी नेला. वास घेतला. "पाणी आणा," ते म्हणाले.

पाण्याचा तांब्या आला. त्यांनी तळहात एकमेकांवर घासले, फेस चढला. तोच फेस त्यांनी तोंडाला लावला, मानेला लावला, कानामागं लावला, आणि खळखळून तोंड धुतलं. मग ओल्या मिशांतून त्यांचं हसू फुटलं. आधी खोकल्यासारखं, मग दोन्ही खांदे हलवणारं. त्या माणसाला हसताना जिंतूरकरांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितलं.

"मल्लम्मा! गाडीकडं काय बघायलीस? बैल सोडायला सांग. अगं, जे मी कपाळाला लावलं ते अंगाला चालत न्हाई म्हणू का? मग माझ्या कपाळाला काय म्हणू?" ते भागम्माकडं वळले. "ईनबाई, डोळे पुसा. जानवशात पाणी तापवा. सगळ्यांना हाच साबण द्या. अन् माझी वडी दुसऱ्याला देऊ नका, तिच्यावर माझी बोटं हायत."

मग काय! मांडवात जो हशा उठला तो बाजारपेठेपर्यंत गेला. मल्लम्मा हसली, भागम्मा रडता रडता हसली, आणि केशरबाई तर खांबाला धरून बसली. दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं. पंगती गरम गरम उठल्या. जाताना प्रत्येक जिंतूरकराच्या अंगाला केवड्याचा वास येत होता.

पुढं पावसाळ्यात नवं कास्टिक आलं. साबण मांडलेल्या माडीवर पावसाची झड यायला लागली म्हणून भागम्मानं वाट्यांवर पाट ठेवून घोंगडी टाकली. आणि काय आश्चर्य, वड्या निघाल्या सोन्यासारख्या पिवळ्याधमक, पांढऱ्याचा कण नाही. उघड्यावर वारं लागलं की भुकटी धरते, झाकलं की धरत नाही, एवढंच होतं ते! खात्री करायला तिनं पुढच्या खेपेला अर्ध्या झाकल्या, अर्ध्या उघड्या ठेवल्या. तेच झालं. तिनं कपाळावर हात मारला आणि ईश्वरअप्पांना बोलावून दाखवलं.

"आता बघा! ह्याला म्हणतेत साबण." तिनं सगळ्यात देखण्या वड्या निवडून फडक्यात बांधल्या आणि जिंतूरला जाणाऱ्या गाडीवानाकडं दिल्या.

पंचमीला महादेवी माहेरी आली. अंगानं भरली होती, आणि बोलत होती. मुखदुर्बळ पोरगी उंबऱ्यातच बोलायला लागली. तिच्या हातात तेच फडकं होतं, पुन्हा गाठ मारलेलं.

"आई, अप्पांनी साबण परत दिलाय."

भागम्मानं गाठ सोडली, वड्या तशाच होत्या. "कामून गं? काय झालं?"

"ते म्हणले, ह्यो कुणाचा साबण हाय? ह्यो बाजारच्यावानी दिसतो. पांढरा दिसंना तंवर मी अंगाला लावायचो न्हाई. तुज्या आईच्या हातचा पायजे."

भागम्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हिरव्यापासून सोनेरीपर्यंत किती खटाटोप केला होता तिनं! बोलायला तोंड उघडलं आणि पहिला प्रश्न तोंडून गेला तो वेगळाच. "अन् तुला? तुला काय म्हणतेत तिकडं?"

"मला? महादेवीच म्हणतेत की." पोरगी खुदकन हसली. "अन् मोठ्या जाऊबाईला बी आता कुणी साबणवाली म्हणत न्हाई. अप्पा रोज आंगोळीला आपली ती लग्नातली वडी बगलंत मारून जातेत, कुणाला हात लावू देत न्हाईत. साबणवाले म्हणतेत ते आता अप्पांनाच."

भागम्मानं लेकीला जवळ घेतलं, घट्ट. मग नाक पुसलं, माडीवर गेली, आणि सकाळीच ओतलेल्या वाट्यांवरची घोंगडी काढून टाकली.